मँचेस्टर सिटीचे मालक मुंबईतून गेले, आता मुंबई सिटीचं काय होणार?

२६ डिसेंबर २०२५. नाताळ नुकताच संपलेला, थर्टी फर्स्टचे प्लॅन ठरत होते. अशात मुंबई सिटी एफसीच्या चाहत्यांच्या मोबाईलवर बातमी येऊन आदळली. सिटी फुटबॉल ग्रुप, म्हणजे ज्यांच्याकडे मँचेस्टर सिटी आहे तोच ग्रुप, मुंबई सिटीतला आपला सगळा हिस्सा सोडून चाललाय.

क्लब बंद पडला का, हाच प्रश्न सगळ्यांनी आधी विचारला. तर नाही. क्लब परत त्याच्या जुन्या मालकांकडे गेलाय. जुने मालक म्हणजे अभिनेता रणबीर कपूर आणि चार्टर्ड अकाउंटंट बिमल पारेख. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा याच दोघांनी मुंबईची टीम घेतली होती. २०१९ मध्ये त्यांनी ६५ टक्के हिस्सा सिटी ग्रुपला दिला आणि ३५ टक्के स्वतःकडे ठेवला. आता पूर्ण क्लब पुन्हा त्यांचा.

ग्रुपने जाताना कारण सांगितलं ते असं, की व्यावसायिक बाजूचा आढावा घेतला आणि लीगचं भवितव्यच अधांतरी असल्याने हा निर्णय घ्यावा लागला.

गंमत पुढे आहे. या घोषणेनंतर अवघ्या अकरा दिवसांनी, ६ जानेवारीला, केंद्रीय क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी जाहीर केलं की लीग १४ फेब्रुवारीपासून सुरू होणार आणि त्यात १४ च्या १४ क्लब खेळणार. म्हणजे ज्या अनिश्चिततेला कंटाळून मालक गेला, ती दोन आठवड्यांच्या आत मिटली?

मिटली नाही. ती फक्त एका हंगामापुरती पुढे ढकलली गेली. मुंबई सिटीचं पुढे काय होणार हे समजून घ्यायचं असेल तर आधी हे समजून घ्यावं लागेल.

लीग थांबली कशी?

२०१० साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्ससोबत पंधरा वर्षांचा करार केला. भारतीय फुटबॉलचे व्यावसायिक हक्क कंपनीकडे, आणि त्या बदल्यात महासंघाला वर्षाला सुमारे ५० कोटी रुपये. याच करारातून पुढे आयएसएल आली आणि ती चालवायला एफएसडीएल नावाची कंपनी आली. टीव्हीचे हक्क विकणं, स्पॉन्सर आणणं, वेळापत्रक लावणं, सगळं हीच कंपनी बघायची. महासंघाला आयते पैसे मिळायचे आणि क्लबना वर्षभराचा हिशोब मांडता यायचा.

या कराराची मुदत संपत होती ८ डिसेंबर २०२५ ला. तारीख पंधरा वर्षांपासून सगळ्यांना माहीत होती. तरीही नवा करार वेळेत झाला नाही. महासंघाच्या घटनेचा खटला सुप्रीम कोर्टात कैक वर्षं लोंबकळत होता आणि निकाल येईपर्यंत महासंघाने असा मोठा करार करू नये, असं कोर्टाचं म्हणणं होतं. हंगाम मध्यावर आला असताना करार संपणार, मग पैसे लावायचे कोणाच्या भरवशावर? ११ जुलै २०२५ ला एफएसडीएलने क्लबना आणि महासंघाला कळवून टाकलं की हंगाम तूर्तास थांबवतोय.

ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने खेळाडू आणि स्टाफचे पगार थांबवले. बंगळुरू म्हणजे सुनील छेत्रीचा क्लब, देशातल्या सगळ्यात व्यवस्थित चालणाऱ्या क्लबपैकी एक. त्यांच्यावर ही वेळ आली म्हटल्यावर बाकीच्यांचं काय, हे सांगायची गरज नाही.

१९ सप्टेंबरला कोर्टाचा निकाल आला आणि महासंघाने टेंडर काढलं. ७ नोव्हेंबरला त्याची मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. देशातली सगळ्यात मोठी फुटबॉल लीग चालवायला कोणीच तयार नाही, हे कागदावर सिद्ध झालं. ८ डिसेंबरला जुना करारही संपला. जानेवारीच्या सुरुवातीला छेत्री, गुरप्रीत सिंग संधू, संदेश झिंगन यांच्यासारख्या खेळाडूंनी थेट फिफाला लक्ष घालण्याचं जाहीर आवाहन केलं. खेळाडूंनी आपल्याच देशाच्या महासंघाला ओलांडून वर दाद मागावी, अशी वेळ सहसा येत नाही.

सिटी ग्रुपचा निर्णय या सगळ्याच्या मधोमध आलाय.

त्यांनी मुंबईत बघितलं काय होतं?

एक गैरसमज आधी दूर करू. क्लबच्या नावातलं ‘सिटी’ मँचेस्टरवरून आलेलं नाही. मुंबई सिटी हे नाव २०१४ पासूनच आहे. मँचेस्टरवाले पाच वर्षांनी आले. हो, २०२३ मध्ये आलेलं गोल बोधचिन्ह मात्र मँचेस्टरच्या घरातलंच वाटतं.

नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई हा ग्रुपचा आठवा क्लब झाला. न्यूयॉर्क, मेलबर्न, जिरोना, योकोहामा अशा साखळीत मुंबईचं नाव जोडलं गेलं. या धंद्याचं गणित सोपं आहे. एकेका क्लबने स्वतःचे स्काउट, स्वतःचे डेटावाले, स्वतःचे प्रशिक्षक शोधत बसण्यापेक्षा एकच मोठी यंत्रणा उभी करायची आणि ती सगळ्यांनी वापरायची. प्रशिक्षक एका क्लबमध्ये तयार होतो, दुसऱ्या क्लबमध्ये मुख्य होतो. मालक अबूधाबीचे, त्यामुळे घाई नाही. आज तोटा झाला तरी उद्या बाजार मोठा होईल आणि क्लबची किंमत वाढेल, असा हिशोब.

भारत हा त्या हिशोबातला सगळ्यात मोठा ‘उद्या’ होता.

आणि मैदानावर हे गणित जमलं. २०२० मध्ये एफसी गोवा घडवणारा स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा मुंबईत आला. त्याच्या मागोमाग ह्युगो बुमूस, अहमद जाहू, मुर्तादा फॉल आणि गोव्याचाच मंदार राव देसाई हेही आले. गोव्याच्या लोकांनी आपली अख्खी टीम उचलून नेताना बघितली, तो राग अजून गेलेला नाही. करोनामुळे तो पूर्ण हंगाम गोव्यातच खेळला गेला, त्यामुळे जखमेवर मीठही तिथेच चोळलं गेलं. मुंबईने साखळीत अव्वल राहून शिल्ड जिंकली आणि १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्याच्या मैदानावर शेवटच्या मिनिटाला बिपिन सिंगच्या गोलने कपही जिंकला.

पुढे लोबेरा गेला, डेस बकिंगहॅम आला. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवून मुंबई सिटी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरला. २०२२-२३ मध्ये सलग १८ लीग सामने न हरता त्यांनी पुन्हा शिल्ड घेतली. बकिंगहॅमला इंग्लंडच्या ऑक्सफर्ड युनायटेडने बोलावलं तेव्हा ग्रुपने मेलबर्नच्या यंत्रणेतून पेत्र क्रातकीला पाठवलं. मालक साखळीवाला असण्याचा फायदा म्हणजे नेमका हा. हंगाम सुरू असताना मुख्य प्रशिक्षक गेला, तरी पर्याय घरातच होता. त्याच क्रातकीच्या टीमने ४ मे २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर, मोहन बागानच्या घरात, मोहन बागानला ३-१ ने हरवून कप आणला.

पाच हंगामांत चार करंडक. त्यांच्या आधीच्या मुंबई सिटीकडे करंडक किती होते? शून्य.

मग घसरण कधी सुरू झाली?

कप हातात होता तेव्हाच. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, कारण मालक बदलल्याची बातमी मोठी होते आणि खेळाडू जाण्याच्या बातम्या एकेक करून येतात.

सॉल्ट लेकवर कप उचलणारा कर्णधार होता राहुल भेके. मुंबईचाच पोरगा. त्याच उन्हाळ्यात तो बंगळुरूला गेला. त्या फायनलमध्ये गोल करणारा होर्हे परेरा दियाझही बंगळुरूला गेला. आल्बेर्तो नोगेराही बंगळुरूला. मिडफिल्डचा कणा असलेला अपुइया मोहन बागानकडे. ग्रेग स्टुअर्ट तर जानेवारीतच निघून गेला होता, तोही फिरून मोहन बागानलाच पोचला.

निकाल पुढच्याच हंगामात दिसला. मुंबई कशीबशी सहावी आली आणि २९ मार्च २०२५ ला प्लेऑफमध्ये बंगळुरूने तिला ५-० ने धुतलं. आपल्याच जुन्या भिडूंच्या नव्या टीमकडून.

२०२५ च्या उन्हाळ्यात हीच गळती पुढे चालू राहिली. दोन्ही फायनलमध्ये गोल करणारा बिपिन सिंग ईस्ट बंगालला गेला. बचावफळीतला मेहताब सिंग मोहन बागानकडे. आणि नोव्हेंबरमध्ये मोहन बागानने नवा प्रशिक्षक कोण आणला? सर्जिओ लोबेरा. मुंबईला पहिला कप देणारा माणूस, त्याच्या हाताखाली मुंबईचा अपुइया आणि मुंबईचा मेहताब. गोव्यातले चाहते हे वाचून गालातल्या गालात हसले असतील.

यात भारतीय फुटबॉलच्या बाजाराची एक अडचण आहे. युरोपात खेळाडू गेला तर क्लबला रग्गड पैसे मिळतात, त्या पैशात दुसरे दोन आणता येतात. आपल्याकडे बहुतेक खेळाडू करार संपल्यावर, म्हणजे फुकटात, दुसरीकडे जातात. क्लब खेळाडू घडवतो, त्याला मोठं करतो आणि शेवटी निरोपाची पोस्ट टाकतो. हातात काही पडत नाही. खेळाडू विकून क्लब चालवणं हा मार्गच इथे जवळपास बंद आहे. तिकिटांचं म्हणाल तर मुंबई सिटीचं घर म्हणजे अंधेरीचं शहाजीराजे क्रीडासंकुल, महापालिकेचं. जागा जेमतेम काही हजारांची. हाउसफुल झालं तरी त्यात विदेशी खेळाडूंचे पगार निघणार नाहीत.

राहिले दोन मार्ग. एक, लीगच्या सामायिक उत्पन्नातला वाटा. दुसरा, मालकाचा खिसा. पहिला जुलैमध्ये आटला आणि दुसरा डिसेंबरमध्ये बदलला. मुंबई सिटीची खरी अडचण ही आहे, बाकी चर्चा नंतरच्या.

या हंगामात आशा किती?

येणारा हंगाम आखूड आहे. १४ क्लब, एकमेकांशी एकदाच, एकूण ९१ सामने. प्रत्येकाला १३. मागच्या हंगामात साखळीतच २४ सामने होते. हा फरक आकड्यापेक्षा मोठा आहे. २४ सामन्यांत सुरुवात फसली तर सावरायला वेळ असतो. १३ मध्ये तीन सामने हरलात की विषय संपला. ज्यांची टीम जमलेली आहे, त्यांना हे वेळापत्रक मानवणार. ज्यांना नव्याने मोट बांधायची आहे, त्यांचं अवघड.

मुंबई कुठे बसते? मधोमध. लालियानझुआला छांगते आणि विक्रम प्रताप सिंग हे वेगवान विंगर, गोलमध्ये फुर्बा लाचेन्पा. ही नावं कुठल्याही भारतीय क्लबला हवीशी वाटावीत. ऑक्टोबरमध्ये परेरा दियाझ परत आला. सुपर कपमध्ये टीमने उपांत्य फेरी गाठली, तिथे एफसी गोवाकडून २-१ ने हरली आणि पुढे गोव्याने तो कप जिंकलाही. इतक्या गोंधळात, लीग होणार की नाही हे माहीत नसताना, ही कामगिरी वाईट म्हणता येणार नाही.

कागदावर मोहन बागान बरंच पुढे आहे. गोवा आणि बंगळुरू मुंबईच्या बरोबरीने किंवा थोडे वर. पहिल्या सहांत मुंबई असावी, ही अपेक्षा रास्त आहे. शिल्डची अपेक्षा ठेवणं म्हणजे २०२३ च्या आठवणीत राहणं.

एक गोष्ट मात्र मुंबईच्या बाजूने आहे. अडचण सगळ्यांचीच आहे. केरळा ब्लास्टर्सचा कर्णधार एड्रियन लुना लोनवर इंडोनेशियात गेला, नोआ सदुईही तिकडेच. चांगले विदेशी खेळाडू भारताकडे पाठ फिरवतायत आणि सगळ्यांच्याच बाकावर देशी पोरं दिसणार आहेत. ज्याचे भारतीय खेळाडू चांगले, त्याचा हंगाम चांगला. त्या बाबतीत मुंबई अजून गरीब झालेली नाही.

पैशाची बाजू मात्र किरकोळ आहे. लीगसाठी २५ कोटींच्या सामायिक निधीची घोषणा झाली, त्यातला मोठा भार क्लबवरच. शिवाय आशियाई महासंघाच्या स्पर्धांत जागा हवी तर क्लबने हंगामात किमान २४ स्पर्धात्मक सामने खेळलेले असावेत, असा निकष आहे. १३ आणि सुपर कपचे थोडे मिळून तो आकडा गाठता येत नाही. रियाधमध्ये जिंकणाऱ्या क्लबसाठी आशियाचं दारच अर्धवट लावलं जाणं, हा तोटा पैशात मोजता येत नाही.

महाराष्ट्राला हे नवीन नाही

मुंबई सिटीचे चाहते, त्यातही वेस्ट कोस्ट ब्रिगेडवाले, इतके धास्तावलेत ते का, हे कळण्यासाठी मागची यादी बघा.

महिंद्रा युनायटेड. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेली टीम. २०१० मध्ये कंपनीने बंद केली. मुंबई एफसी २०१७ मध्ये आय-लीगमधून खाली गेली आणि तिथेच संपली. पुण्यात पिरामल ग्रुपची पुणे एफसी होती, २००७ मध्ये सुरू झालेली, अकॅडमीसाठी नावाजलेली. २०१५ मध्ये तिनं लीग सोडली. कल्याणी ग्रुपची भारत एफसी एकच हंगाम खेळली. डीएसके शिवाजीयन्स दोन. यातली जवळपास प्रत्येक टीम मैदानावर नाही, मालकाच्या ताळेबंदात हरली.

सगळ्यात बोलकी गोष्ट एफसी पुणे सिटीची. आयएसएलमधली पुण्याची टीम, हृतिक रोशन सहमालक, बालेवाडीचं मैदान. २०१९ मध्ये ती बंद झाली आणि तिची लीगमधली जागा हैदराबादला गेली. हैदराबादने २०२२ मध्ये कप जिंकला. पुढच्या दोन वर्षांत तिथे पगार थकले, टीम विस्कटली, मालक बदलले. २०२५ मध्ये तीच जागा दिल्लीला गेली, आता तिचं नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. पुण्यात रुजलेलं रोप सहा वर्षांत दोनदा उपटून दुसरीकडे लावलं. बालेवाडीला केशरी जर्सी घालून जाणाऱ्या पोरांनी आता कोणासाठी ओरडायचं, हे कोणी विचारलं नाही.

म्हणून आज आयएसएलमध्ये महाराष्ट्राची एकच टीम उरली आहे. मुंबईत कधीकाळी रोव्हर्स कप व्हायचा, १८९१ मध्ये सुरू झालेला, कूपरेजवर देशभरातल्या टीम उतरायच्या. त्या शहराकडे आता अव्वल लीगमधला एकच क्लब आहे.

जुन्या मालकांपुढे काय पर्याय आहेत?

कपूर आणि पारेख यांनी क्लब सोडून दिला नाही, ही गोष्ट हलक्यात घेऊ नये. ज्या धंद्यातून अबूधाबीचा पैसा उठून गेला, तिथे हे दोघे ६५ टक्के परत घेऊन थांबलेत. पण २०१४ ते २०१९ मध्ये हा क्लब याच दोघांकडे होता आणि तेव्हा एकही करंडक आला नाही, हेही खरं. त्या काळात दिएगो फोर्लानसारखी मोठी नावं आली, टाळ्या मिळाल्या, यंत्रणा उभी राहिली नाही. यंत्रणा सिटी ग्रुपने आणली आणि ती आता त्यांच्याबरोबर निघून जाणार. स्काउटिंगचा डेटा आणि साखळीतून मिळणारे प्रशिक्षक हे भाड्याच्या घरातल्या फर्निचरसारखं असतं, मालक गेला की तेही जातं.

त्यांच्याकडे रस्ते तीन. नवा भागीदार शोधायचा, पण ज्या लीगच्या टेंडरला बोली येत नाही, तिथे भागीदार आधी लीगचा करार मागणार. खर्च कापायचा, म्हणजे विदेशी कमी आणि देशी तरुण जास्त. किंवा दोन-तीन हंगाम खिशातून घालत राहायचं आणि दीर्घ मुदतीचा व्यावसायिक करार होण्याची वाट बघायची. प्रत्यक्षात दुसरा आणि तिसरा रस्ता एकत्र येईल असं दिसतं. चाहत्यांना ते आवडणार नाही, पण बंद पडलेल्या पाच टीमची यादी डोळ्यांपुढे असताना स्वस्तातला मुंबई सिटी हा महागड्या आठवणीपेक्षा बराच बरा.

या हंगामात गुणतक्त्यापेक्षा दोन गोष्टींकडे लक्ष ठेवा. पहिली, छांगते आणि विक्रम प्रताप पुढच्या उन्हाळ्यातही निळ्या जर्सीत असतात का. ते गेले तर समजायचं की गळती थांबलेली नाही. दुसरी, महासंघाला लीगसाठी एका वर्षाऐवजी लांब पल्ल्याचा व्यावसायिक भागीदार मिळतो का. ही दुसरी गोष्ट रणबीर कपूरच्या हातात नाही, क्रातकीच्या हातात नाही आणि अंधेरीच्या स्टँडमध्ये ढोल वाजवणाऱ्यांच्या हातात तर नाहीच. ती दिल्लीत, महासंघाच्या कार्यालयात ठरणार आहे आणि एका हंगामापुरती सोय झाल्याने ती ठरवायची घाई तिथे सध्या तरी कोणाला दिसत नाही.